बीटल १६०० साठी कार्बोरेटर बदलायचाय, नक्की कुठला घ्यावा?

पिवळी बीटल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण आता स्वतःच्या डोक्याने पुढे जाता येत नाहीये. गाडी फोक्सवॅगन बीटल, वडिलांची. ते गेल्यावर चार वर्षं झाकून उभी होती, गेल्या वर्षी टाकी धुतली, ब्रेक केले, इंजिन सुरू झालं तेव्हा घरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण चालवायला मजा नाही. रेस दिली की आधी दबते, एक गचका खाते आणि मग उचलते. सकाळी निघालं की दहा मिनिटं बरी चालते आणि मग सिग्नलला बंद पडते. आयडल, म्हणजे रेस न देता इंजिनचे फेरे, तर कधी एका जागी राहतच नाहीत. मेकॅनिकने कार्बोरेटरच्या थ्रॉटलची, म्हणजे रेस दिली की उघडणाऱ्या झडपेची, दांडी बोटाने हलवून दाखवली, चांगली खडखडते, म्हणाला हा गेला, नवीन आणा. नवीन म्हणून जे मिळतंय ते सगळं नक्कल केलेलं दिसतंय आणि नंबर इतके आहेत की डोकं गरगरतं. ३०, ३१, ३४, पिक्ट-१, पिक्ट-२, पिक्ट-३. इंजिन १६०० आहे एवढं नक्की माहीत आहे. कुठला घेऊ?

पाना नंबर तेरा
थांबा, आधी काहीच घेऊ नका. दोन फोटो टाका. एक, कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरच्या बाजूला काय कोरलंय त्याचा, सॉलेक्स आणि खाली आकडे असतील, घाण पुसून मगच दिसतात. दुसरा, मॅनिफोल्डचा, म्हणजे कार्बोरेटरखालून दोन्ही बाजूंना जो पाइप जातो तो हेडला कसा जोडलाय ते दिसलं पाहिजे. नुसतं १६०० म्हणून भागत नाही, १६०० सिंगल पोर्टही आहे आणि ड्युअल पोर्टही आहे, म्हणजे प्रत्येक बाजूच्या हेडला मिश्रण आत जायला एक भोक किंवा दोन.

पिवळी बीटल
फोटो टाकले. वर ३० पिक्ट-३ लिहिलंय. मॅनिफोल्डचं मधलं लोखंडी आहे आणि दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचे दोन पायांचे तुकडे आहेत, मध्ये काळे रबर बूट आणि क्लॅम्प. अजून एक, कार्बोरेटरच्या खाली एक जाड ॲल्युमिनियमची पट्टी आहे, ती गॅस्केट नाही, ती काय आहे?

पाना नंबर तेरा
सापडलं. ॲल्युमिनियमची टोकं आणि रबर बूट म्हणजे ड्युअल पोर्ट. हे इंजिन १५८४ सीसीचं, ५० हॉर्सपॉवरचं, १९७१ मॉडेलपासूनचं. याला कंपनीचा कार्बोरेटर ३४ पिक्ट-३. तुमच्यावर जो बसलाय तो आधीच्या, १९७० च्या सिंगल पोर्टचा. ती जाड पट्टी म्हणजे ॲडाप्टर, कुणीतरी कधीतरी मिळेल ते बसवलंय. ३० आणि ३४ हे आकडे खालच्या थ्रॉटलच्या भोकाचे मिलिमीटर आहेत. ३० वर ड्युअल पोर्ट चालतं, अगदी बरं चालतं सावकाश चालवणाऱ्याला, पण वरच्या वेगाला त्याचा श्वास अडकतो. म्हणजे तुम्ही आहे तोच नंबर मागवला असता तर चुकीची वस्तू परत नवीन घेऊन बसला असता.

ढोबळ सांगतो, इतरांनाही उपयोगी पडेल. १२०० ला २८ पिक्ट, १५०० ला ३० पिक्ट-१ किंवा २, १६०० सिंगल पोर्टला ३० पिक्ट-३, १३०० ड्युअल पोर्टला ३१ पिक्ट-३ आणि १६०० ड्युअल पोर्टला ३४ पिक्ट-३. पण पन्नास वर्षांत या गाड्यांची इंजिनं इतकी अदलाबदल झालीत की गाडीच्या वर्षावर जाऊ नका, समोर जे इंजिन आहे त्यावर जा.

जुनं लोखंड
पानासाहेबांनी बरोबर सांगितलंय, मी अजून एक विचारतो. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणारा, कुठला आहे? बाजूला चपटी गोल डबी आणि त्यातून कार्बोरेटरला जाणारी बारीक नळी आहे का?

पिवळी बीटल
डबी नाही. नळी पण नाही. त्यावर बॉश लिहिलंय आणि नंबरच्या शेवटी ००९ आहे.

जुनं लोखंड
मग तुमचा गचका निम्मा तिथे आहे. ००९ हा पूर्ण मेकॅनिकल, फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे सरकतं, बस. रेसवर पाय दाबला त्या क्षणी फेरे वाढलेलेच नसतात, हवा मात्र भसकन आत गेलेली असते, त्यामुळे मिश्रण पातळ आणि टायमिंग मागे, दोन्ही एकदम, मग गाडी दबणारच. ३४ पिक्ट-३ ची घडणच अशी आहे की त्याला व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर लागतो, थ्रॉटल जरासा उघडला की त्या नळीतून ओढ मिळते आणि ठिणगी लगेच पुढे येते. लोक ३४ वर ००९ लावतात आणि मग वर्षभर जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, बदलत बसतात. मी बसलो होतो, सात-आठ महिने, मेन जेट मोठा करून बघितला, रेस दाबली की जादा पेट्रोल मारणाऱ्या कार्बोरेटरच्या पंपाचा स्ट्रोक वाढवून बघितला, पेट्रोल मात्र प्यायला लागली आणि गचका तसाच. एका रविवारी मित्राच्या गाडीचा व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर उसना आणून लावला आणि पहिल्याच वळणावर कळलं. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर ही जोडी म्हणूनच विकत घ्या, वेगळे समजू नका.

मेकॅनिकची लेक
मला तुमच्या पहिल्या पोस्टमधलं "दहा मिनिटं बरी चालते आणि मग बंद पडते" हे वाक्य खटकतंय. दांडी झिजली असेल तर गाडी थंडीतही त्रास देईल आणि गरम झाल्यावरही. फक्त दहा मिनिटांनी नाही. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच मागचं झाकण उघडा आणि कार्बोरेटरच्या खालच्या मॅनिफोल्डच्या पाइपला हात लावून बघा, आणि नुसतं बघा पण, त्यावर काय दिसतं ते सांगा. गार, जरा दमट सकाळ असेल तेव्हाच करा.

पिवळी बीटल
ताई, आज सकाळी बघितलं. माझा विश्वास बसत नाहीये. कार्बोरेटरच्या खाली पाइपवर पांढरं बर्फ. नखाने खरवडलं तर निघालं. बाहेर थंडी आहे पण अशी काही बर्फ पडण्याइतकी नाही.

मेकॅनिकची लेक
त्यासाठी बाहेर बर्फ पडावं लागत नाही. पेट्रोल उडतं तेव्हा भोवतालची उष्णता ओढून घेतं, हवेत ओल असेल तर ती तिथेच गोठते, आतल्या बाजूला पण गोठते आणि वाट अरुंद होते, थ्रॉटलपाशी बर्फ धरलं की आयडल जातं. पाच मिनिटं उभी ठेवली की इंजिनच्या उष्णतेने वितळतं आणि गाडी जशी काही झालंच नाही तशी सुरू होते. बरोबर ना?

म्हणूनच फोक्सवॅगनने मॅनिफोल्डच्या खालून दुसरा बारीक पाइप नेलाय, हीट रायझर. एका बाजूच्या एक्झॉस्टमधून गरम वायू त्यातून जातो आणि बरोबर कार्बोरेटरखालची जागा तापवतो. जुन्या गाड्यांत तो काजळीने गच्च बसलेला असतो. काही सायलेन्सरना तर त्याचं भोकच पाडलेलं नसतं, किंवा मधल्या गॅस्केटला भोक नसतं, तेही बघा. गाडी पाच मिनिटं चालवून त्या बारीक पाइपच्या दोन्ही बाजूंना जपून हात न्या, दोन्हीकडे चटका बसेल इतका गरम पाहिजे. एअर क्लीनरची गरम हवेची नळी पण जोडलेली आहे का बघा, ती लोकं काढून टाकतात कारण तिचं काम कुणाला माहीत नसतं. वडिलांचं गॅरेज होतं, ते म्हणायचे की कार्बोरेटर आजारी म्हणून आणलेल्या दहा गाड्यांतल्या अर्ध्या गाड्यांत कार्बोरेटर ठणठणीत असतो.

पिवळी बीटल
डाव्या बाजूला गरम, उजव्या बाजूला गार दगड. म्हणजे बुजलेलाच आहे. मॅनिफोल्ड काढावा लागेल ना? आणि साफ कसा करायचा, तार घातली तर वळणावर अडते.

मेकॅनिकची लेक
काढावा लागेल. जुनी ब्रेक केबल घ्या, टोकाचे पीळ उसवून झुपकेदार करा, दुसरं टोक ड्रिलमध्ये धरा आणि हळू फिरवत दोन्ही बाजूंनी आत न्या. वेळ लागतो, एका बसणीत होत नाही, चिकाटी पाहिजे. अगदीच दगड झालं असेल तर पाइप तापवून काजळी जाळतात, पण ते उघड्यावर आणि आधी मॅनिफोल्ड पूर्ण कोरडा करून, पेट्रोलचा थेंब नको. परत बसवताना रबर बूट नवीनच घाला, चिरलेले बूट हवा खेचतात आणि मग परत तुम्ही कार्बोरेटरला दोष देणार.

चौथा गिअर
एवढं सगळं करण्यापेक्षा दोन कार्बोरेटरचा सेट लावा ना सरळ, वेबर किंवा तसलं काही. प्रत्येक बाजूला एक, मधला लांब मॅनिफोल्डच राहत नाही. मी लावलेत, गाडी पळते.

पाना नंबर तेरा
गिअरभाऊ, तुमची गाडी बघितलीय, सुंदर चालते, पण तुम्ही दर थोड्या दिवसांनी दोन्ही बाजूंचा ताळमेळ स्वतः बसवता, लिंकेज तुम्हाला हाताच्या रेषांसारखं पाठ आहे. यांची स्टॉक गाडी आहे, वडिलांची आठवण आहे, ३४ पिक्ट-३ नीट लावला तर ती कंपनीतून आली तशी चालेल. आधी तिला तिची स्वतःची चाल तर मिळू द्या.

चौथा गिअर
मान्य. आठवणीची गाडी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. मग नवीन नक्कल घेऊ नका एवढंच सांगतो, मी दोन कार्बोरेटरवर जाण्याआधी एक घेतला होता. डब्यातून काढला तेव्हा चकचकीत, बघूनच आनंद झाला होता. आत ओतकामाचा चुरा, थ्रॉटलची पाकळी, म्हणजे दांडीवरची चकती, एका बाजूला घासत होती त्यामुळे कधी पूर्ण बंदच व्हायची नाही, आणि पंपाची बारीक नळी पेट्रोल भिंतीवर मारत होती. सगळेच तसे निघतात असं नाही, पण घेतला तर थेट गाडीवर लावू नका, पूर्ण खोलून, धुऊन, जेट तपासून मग लावा.

जुनं लोखंड
माझं मत विचाराल तर जुना मूळ ३४ शोधा, झिजलेला का असेना. बॉडी चांगली असली की बाकी सगळं मिळतं आणि सगळं करता येतं. त्यावर फोक्सवॅगनचा ११३ १२९ ०३१ के असा नंबर असतो. ब्राझीलचा ब्रोसोल आणि मेक्सिकोचा बोकार हे परवान्याखाली बनलेले, तेही कामाचे आहेत.

विकत घेताना हातात धरून बघा. दांडी हलते का, ते तर कळेलच, पण ती दुरुस्त होते त्यामुळे त्यावर सौदा सोडू नका. वरचं झाकण काचेवर पालथं ठेवा, डुलत असेल तर कुणीतरी स्क्रू आवळून आवळून वाकवलंय. आयडलचे दोन स्क्रू आहेत का, एक मोठा बायपासचा आणि एक बारीक मिश्रणाचा, बारीकचं टोक तुटून आत अडकलेलं असतं पुष्कळदा. चोकच्या, म्हणजे थंड इंजिनला हवा कमी करणाऱ्या झडपेच्या, गोल डबीवर ६ व्होल्ट का १२ व्होल्ट लिहिलंय ते वाचा, जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या होत्या आणि चोकचा तापणारा तुकडा आणि आयडल बंद करणारा सोलेनॉइड दोन्ही गाडीच्या व्होल्टचेच लागतात. आणि पेट्रोल आत येण्याची पितळी नळी बोटाने ओढून बघा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ती नुसती ठोकून बसवलेली असते, आटे नसतात. हादऱ्याने सैल होऊन निघाली की टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप गरम इंजिनवर पेट्रोल ओतत राहतो. या इंजिनच्या क्रँककेसमध्ये मॅग्नेशियम आहे, एकदा ते पेटलं की पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. माझ्या ओळखीतली एक गाडी अशीच गेली, माणसं वाचली.

पिवळी बीटल
तीन आठवड्यांनी येतोय. हीट रायझर मोकळा झाला. चार दिवस रोज संध्याकाळी तासभर, केबलची तीन टोकं झिजवली, शेवटी एका बाजूने फुंकर मारली आणि दुसऱ्या बाजूने काळी भुकटी उडाली तेव्हा बायकोला हाक मारून दाखवलं. मूळ जर्मन ३४ पिक्ट-३ मिळाला. दांडी हलते, बाकी तुम्ही सांगितलेलं सगळं आहे. पितळी नळी मात्र हाताने फिरते. व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर पण मिळाला, एका नळीचा. आता बुशचं, म्हणजे दांडीच्या झिजलेल्या भोकांत नवीन कड्या बसवायचं, काम कुणाकडे देऊ, लेथवाल्याला काय सांगायचं?

पाना नंबर तेरा
लेथवाल्याला द्यायच्या आधी पाकळी काढायची आहे. तिचे दोन बारीक स्क्रू मागच्या बाजूने ठोकून फुगवलेले असतात म्हणजे सुटू नयेत. ते फुगलेलं टोक कानशीने घासून सपाट करा आणि मगच फिरवा, नाहीतर दांडीतले आटे जातील. पाकळी कुठल्या बाजूने वर होती त्यावर खूण करा, ती गोल नसते, कडा तिरप्या असतात, उलटी बसली तर कधीच बंद होणार नाही.

लेथवाल्याला सांगा, पितळी बुश दोन्ही बाजूंना आणि दोन्ही भोकं एका रेषेत एकाच सेटिंगमध्ये. एक बाजू करून बॉडी उलटी करून दुसरी केली तर दांडी अडकते. भोक किती वाढवायचं ते दांडी मोजूनच ठरवा, झिजलेल्या दांडीवर नवीन बुश घालून उपयोग नाही, दांडीच गेली असेल तर नवीन दांडी.

बसवताना स्क्रू आधी सैल ठेवा, पाकळी बंद करा, बोटाने दोन-तीनदा टिचकी मारा म्हणजे ती आपोआप मध्ये बसते, मग उजेडाकडे धरून बघा. सगळ्या बाजूंनी सारखी केसासारखी रेघ दिसली पाहिजे. मग स्क्रू आवळा, लॉकिंगचं औषध लावा आणि टोकं परत फुगवा. यात कंटाळा करू नका, त्यातला एक स्क्रू सुटला तर तो सरळ सिलिंडरमध्ये जातो.

आणि पितळी नळी त्याच लेथवाल्याकडून आटे पाडून स्क्रूची करून घ्या. लोखंडभाऊंनी वर सांगितलंच आहे.

पिवळी बीटल
झालं सगळं. पाकळीच्या मागे उजेडाची रेघ एकसारखी दिसली तो फोटो टाकलाय. आटे पाडून नळी पण बसवली. आत मेन जेटवर १२७.५ लिहिलंय, ते बरोबर आहे का? आणि लावल्यावर सेटिंग कुठून सुरू करू, मेकॅनिक डाव्या बाजूच्या थ्रॉटलच्या स्क्रूनेच आयडल वाढवायचा.

जुनं लोखंड
१२७.५ म्हणजे १.२७५ मिलिमीटर, या इंजिनला तोच. हात लावू नका.

आणि त्या थ्रॉटलच्या स्क्रूनेच तर निम्म्या ३४ ची वाट लावलीय. तो फास्ट आयडलचा आहे, त्याने आयडल लावायचं नसतं. इंजिन पूर्ण गरम, चोक सरळ उभा उघडलेला, मग तो स्क्रू चोकच्या पायरीपासून सुटेपर्यंत मागे घ्या, परत नुसता टेकेपर्यंत आणा आणि वर पाव फेरा. संपलं, परत त्याच्याकडे बघायचं नाही. थ्रॉटल त्याहून उघडा राहिला तर आयडलपासून पुढच्या टप्प्यावर नेणारी बारीक भोकं आधीच उघडी पडतात आणि तुमचा तो पहिला गचका परत येतो.

मिश्रणाचा बारीक स्क्रू हलक्या हाताने टेकवून अडीच फेरे बाहेर. मोठ्या बायपास स्क्रूने इंजिनचे मिनिटाला ८५० फेरे लावा. मग बारीक स्क्रू फिरवत सगळ्यात जास्त फेरे कुठे मिळतात ते शोधा, तिथून फेरे अगदी थोडे, वीस-तीसने, पडेपर्यंत आत घ्या. परत मोठ्याने ८५०. पण याआधी व्हॉल्व्ह ०.१५ मिलिमीटरला, तेही इंजिन थंड असताना, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरला, आणि टायमिंग, व्हॅक्यूमची नळी काढून, आयडलला, साडेसात अंश आधी. उलट्या क्रमाने केलं तर परत सगळं करावं लागेल.

मेकॅनिकची लेक
सोलेनॉइडची वायर लावायला विसरू नका. चावी फिरवा, इंजिन सुरू न करता, वायर काढून परत टेकवा, टक असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही तर आयडल मिळणारच नाही आणि तुम्ही स्क्रू फिरवत राहाल.

पिवळी बीटल
आज सकाळी, दमट हवा, मुद्दाम तीच वेळ निवडली. टक आवाज आला. एकदा रेस दाबून चोक चढवला, चावी फिरवली, दुसऱ्या फेऱ्याला सुरू. गरम झाल्यावर लोखंडभाऊंच्या क्रमाने सगळं लावलं, आयडल ८५० ला असा बसला की एअर क्लीनरवर ठेवलेलं नाणं पडलं नाही. अर्धा तास चालवली. मॅनिफोल्ड गरम, बर्फ नाही, एकाही सिग्नलला बंद पडली नाही. रेस दिली की लगेच उचलते. वडील तिसऱ्या गिअरमध्ये एक विशिष्ट आवाज ऐकू आला की चौथा टाकायचे, तो आवाज मला आज पहिल्यांदा परत ऐकू आला, मी मागच्या सीटवर बसून ऐकलेला.

एकच राहिलंय. तिसऱ्यात अगदी सावकाश चालवताना एकदम जोरात दाबलं तर अजून किंचित अडखळते, आधीच्या दहा टक्के पण नाही.

चौथा गिअर
पंपाची नळी बघा. एअर क्लीनर काढा, इंजिन बंद, थ्रॉटल हाताने उघडा आणि आत बघा. पेट्रोलची धार सरळ पाकळी आणि भिंतीच्या मधल्या फटीत गेली पाहिजे. पाकळीवर आपटत असेल किंवा भिंतीवर घसरत असेल तर ती पितळी नळी अगदी हळू वाकवायची. आणि दांडी हलल्याबरोबर धार सुरू झाली पाहिजे, उशिरा येत असेल तर डायफ्रॅम ताठ झालाय.

पिवळी बीटल
भिंतीवर घसरत होती. केसाएवढी वाकवली, आता फटीत जाते. डायफ्रॅम पण काढून बघितला, कडेला बारीक चीर आहे, नवीन मागवलाय. तोपर्यंत जपून चालवतो आणि रविवारी प्लग काढून चारही सिलिंडरचा रंग बघून इथे फोटो टाकतो.

मेकॅनिकची लेक
प्लगवर सिलिंडरचा नंबर लिहून ठेवा काढताना. तीन नंबरचा वेगळा दिसला तर घाबरू नका, आधी रबर बूट तपासा.